अग्निशमन केंद्रे नवी होतील, पण कोणासाठी?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. भीमजयंतीच्या दिवशीच या शहीद कामगारांना मानवंदना दिली जाते. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. जुनी अग्निशमन केंद्रे पाडून नवी बांधण्याचा प्रश्न चळवळीने म्हणूनच परका मानू नये.

इमारती जुन्या झाल्या, त्या बदलल्याच पाहिजेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५००० कोटींची योजना आणली. प्रश्न असा की, नवे केंद्र कोठे उभे राहणार? केंद्राच्याच २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन लाख लोकसंख्येमागे एक केंद्र हवे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे किमान ६२ केंद्रे हवीत. प्रत्यक्षात पूर्ण क्षमतेची केंद्रे पस्तीसच्या आसपास आहेत. बाकी भार छोट्या केंद्रांवर!

याची किंमत कोण मोजतो? ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवलीच्या दामूनगरात सिलिंडरचे स्फोट होत गेले आणि शेकडो झोपड्यांची राख झाली. चिंचोळ्या गल्ल्यांत बंब शिरणार तरी कसा? २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ४२ टक्के मुंबईकर झोपडपट्टीत राहत होते. नुसते जुन्या जागी नवे केंद्र बांधून या माणसांपर्यंत मदत पोहोचणार नाही. वस्तीजवळ केंद्र, लहान बंब आणि पाण्याची सोय हवी.

दुसरा प्रश्न जवानांचा. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत जुनी इमारत कोसळून मुख्य अधिकाऱ्यासह चार अधिकाऱ्यांचे बळी गेले. इतरांसाठी जीव देणाऱ्यांनी स्वतः गळक्या खोल्यांत राहायचे, हा कुठला न्याय? केंद्राच्या आवारातील कर्मचाऱ्यांची घरे पुनर्बांधणीत शहराबाहेर फेकली जाता कामा नयेत. मोक्याच्या जागा बिल्डरच्या घशात जाता कामा नयेत.

कायदा स्पष्ट आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६१ नुसार अग्निशमन दल ठेवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा आहे, आणि कलम २१ मधील जगण्याचा हक्क झोपडीतल्या माणसालाही आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, आपापल्या वॉर्डात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जवळचे केंद्र किती अंतरावर आहे, बंब किती वेळात येतो, इमारतीची तपासणी कधी झाली, हे लेखी विचारा. आग लागल्यावर मोर्चा काढून गेलेला जीव परत येत नाही. हिशेब आधीच मागावा लागतो.