डावा डोपा, उजवा डोपा



आमच्या मोहर्लीला, ताडोब्याच्या जंगलात काचकुजली नावाची वेल आहे. कुणी तिला खाजकुयली म्हणतात. शेंगेवर मखमलीसारखी लव असते, पण हात लागला की अंगाची नुसती आग! हिवाळ्यात चौथीतला एक पोट्टा ही शेंग हाताळून आला आणि दिवसभर खाजवत बसला. पण गंमत अशी, की याच शेंगेच्या बियांत एल-डोपा असते. कंपवाताने हात थरथरणाऱ्या रोग्यांना हेच औषध देतात.

आता डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून बघा. बसत नाही ना? डोपाच्या रेणूचीही अशीच जोडी असते; एक डावा, एक उजवा, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. औषध म्हणून कामाचा फक्त डावा. उजवा उलट त्रास देऊ शकतो. वेल बरोबर डावाच बनवते. प्रयोगशाळेत साध्या रीतीने केले, तर दोन्ही निम्मे-निम्मे तयार होतात.

यावर अमेरिकेच्या विल्यम नोल्स यांनी उपाय काढला. ऱ्होडियम धातूभोवती त्यांनी एकाच हाताची रचना उभी केली. या उत्प्रेरकामुळे मुख्यतः डावाच डोपा मिळू लागला.

जपानच्या र्‍योजी नोयोरी यांनी १९९५ मध्ये दुसऱ्या काही पदार्थांसाठी रुथेनियम धातूचा उत्प्रेरक केला. त्यात धातूला एक मदतनीस आहे, हायड्रोजन बंध. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होऊन राहतो ना, तो याच बंधाच्या ओढीने. नेहमीच्या रासायनिक बंधापेक्षा हा कितीतरी कमजोर. पण बाजारात लहान भावाचे नुसते बोट धरले तरी तो आपल्याकडे वळतो की नाही? तसेच इथे. उत्प्रेरकातला हायड्रोजन समोरच्या रेणूतल्या ऑक्सिजनला हलकेच धरतो. रेणू धातूजवळ ठरावीक बाजूने वळून बसतो आणि धातूभोवतीची रचना डावे-उजवे ठरवते.

नोल्स, नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांना २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपली वेल मात्र शाळेत न जाताच हे करते! तिच्यातली विकरेसुद्धा रेणूंना अशाच बंधांनी धरून ठेवतात.

एक बजावून सांगते. या बिया तोंडात घालू नका. औषधाचे माप डॉक्टरांनीच ठरवायचे.

आणि हो, घरातल्या कोणत्या वस्तूंना डावे-उजवे असते? वाटीला नाही, चपलेला आहे. मग कात्रीला? शंखाला? आईबाबांना सोबत घेऊन यादी करा बरं!

तुमची,
बाई