नवं अ‍ॅप आलं म्हणून दुकान हलवायचं नसतं

सातारा-सांगलीतल्या दुकानदारांना, बचत गटाच्या ताईंना, घरून हळद-मसाला विकणाऱ्यांना सध्या एकच सल्ला मिळतोय. अरट्टाईवर या. सगळं गिऱ्हाईक तिकडं हलवा. आधी जाल तर फायदा, मागं राहाल तर संपाल. वर देशप्रेमाची फोडणी: स्वदेशी अ‍ॅप आहे, आपण नाही वापरायचं तर कुणी?

माझं मत सरळ सांगतो. स्वतःच्या फोनमध्ये खुशाल घ्या. धंद्याच्या जाहिरातीसाठी मात्र आज तिथं एक रुपयाही घालू नका.

आधी झालं काय ते बघू. अरट्टाई हे झोहो या चेन्नईच्या कंपनीचं अ‍ॅप. तमिळमध्ये अरट्टाई म्हणजे गप्पा. २०२१ मध्येच ते आलं, पण चार वर्षं आपल्याकडं कुणी फारसं विचारलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनी वापरा म्हणून सांगितलं आणि एकदम झुंबड उडाली. कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनीच आकडा दिला: रोज ३ हजार लोक नोंदणी करत होते, ते तीन दिवसांत रोज ३ लाख ५० हजारांवर गेले. कौतुकच आहे. कंपनीही ऐरीगैरी नाही, १९९६ पासून स्वतःच्या कमाईवर उभी आहे. पण नोंदणी म्हणजे वापर नव्हे. जत्रेतला पाळणा बघायला सगळं गाव जातं, म्हणून कुणी जत्रेच्या मैदानात किराणा दुकान थाटत नाही.

आणि हा खेळ आपण आधी एकदा बघितलाय. कू आठवतंय का? पिवळ्या पक्ष्याचं. २०२० मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी सरकारच्या आत्मनिर्भर अ‍ॅप स्पर्धेत बक्षीस मिळालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारचं आणि ट्विटरचं वाजलं, तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती तिकडं धावली. पीयूष गोयल तेव्हा कूवर गेले होते, २०२५ मध्ये अरट्टाईवर गेले. त्यांना जायला काय, खातं सांभाळायला त्यांच्याकडं माणसं आहेत. जुलै २०२४ मध्ये कू बंद पडलं. ज्यांनी रोज पोस्ट टाकून तिथं फॉलोअर जमवले, त्यांच्या हातात काय उरलं? त्यातल्या एकाचाही फोन नंबर नाही.

बरं, कू चाललं नाही म्हणून बुडालं. टिकटॉक तर धो-धो चाललं होतं. आपल्याकडची खेड्यापाड्यांतली पोरं-पोरी त्यावर नाव कमवून बसली होती. २९ जून २०२० ला आदेश निघाला आणि ५९ चिनी अ‍ॅप बंद झाली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण जमवलेला सगळा प्रेक्षक एका फटक्यात गेला, हे खरं. म्हणजे अ‍ॅप पडलं तरी आपण जातो आणि चाललं तरी जाऊ शकतो.

'बघा, आमचं व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकच बरं' म्हणणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही सहा-एक तास ठप्प होती. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं ठरवलं की लोकांना मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट जास्त दाखवायच्या, दुकानांच्या पानांच्या कमी. पेज तुमचं, लाइक तुम्ही जमवलेले, पण आता दिसायचं तर पैसे भरा! मालक परदेशी असो की देशी, जागा भाड्याची आहे. भाडेकरार कागदावर नाही आणि कधी बाहेर काढतील याची नोटीसही मिळायची नाही.

आता समोरच्यांचा मुद्दा घेऊ, कारण तो अगदीच पोकळ नाही. 'जो पहिला जातो त्याला गर्दी नसताना जागा मिळते.' खरंय. रील करणाऱ्याला, गाणाऱ्याला, क्लासवाल्याला हे लागू पडतं. त्यांचा माल म्हणजे ते स्वतःच. तो कुठल्याही नव्या व्यासपीठावर नेता येतो आणि नाही जमलं तर वेळ सोडून फारसं काही जात नाही. पण आपल्या भागातला धंदा कसला आहे?

तासगावचा बेदाणा सौद्यात विकला जातो. व्यापारी माल हातात घेतो, रंग बघतो, दाणा दाबून बघतो, मग भाव बोलतो. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीचंही तेच. मिरजेची सतार एक माणूस आयुष्यात किती वेळा घेणार? आणि घेताना तो अ‍ॅपला नाही, आपल्या गुरूला विचारतो. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी तोडल्यावर दोन-तीन दिवसांत खपली पाहिजे. शेतकऱ्यानं हंगामात नव्या अ‍ॅपचे प्रयोग करत बसायचं की पेट्या भरायच्या? साताऱ्याचे कंदी पेढे घ्यायला पुण्या-मुंबईचा माणूस हायवे सोडून आत वळतो, तो चवीसाठी आणि नावासाठी.

ते नाव तर आपल्याला कागदावरही मिळालंय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आता जरा घरातली हळदीची पाकिटं उलटी करून बघा. किती जणांनी त्यावर जीआयचा उल्लेख केलाय? किती पाकिटांवर फोन नंबर धड वाचता येतो? आहे ते वापरायचं नाही आणि नवीन अ‍ॅपच्या मागं पळायचं, याला काय म्हणायचं?

पॅकेज विकणाऱ्यांचं गणितही मांडून बघा. समजा महिन्याला पाच हजार मागितले. वर्षाचे साठ हजार. हळदीच्या पाव किलोच्या पाकिटामागं वीस रुपये सुटत असतील, तर नुसते हे पैसे भरून काढायला तीन हजार पाकिटं जादा विकावी लागतील. 'तेवढी विकून द्याल का, लिहून द्या' म्हणा. लगेच 'ब्रँडिंगला वेळ लागतो' सुरू होतं. त्यांची फी मात्र पहिल्या महिन्यापासून.

मग जाहिरात करायचीच नाही का? करायची. कशी ते शिकायला लांब जायला नको. पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांचा नांगराचा कारखाना होता. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे, तो तो काळ. त्या माळावरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याचं गृहपत्र म्हणून. पुढं शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं अख्ख्या महाराष्ट्राचं मासिक केलं, १९३० मध्ये 'स्त्री' काढलं. आपण कुणी मासिक काढायला नको. पण त्यातली मेख ओळखा. माध्यम त्यांचं होतं आणि वर्गणीदारांचे पत्ते त्यांच्या स्वतःच्या वहीत होते. ती वही कुणाच्या मर्जीवर नव्हती.

आपली वही कुठंय? दिवाळीत दुकानात रांग लागते, माणसं पैसे देतात आणि निघून जातात. त्यातल्या किती जणांची नावं आपल्याकडं आहेत? पुढच्या गुढीपाडव्याला त्यांना साधा एक मेसेज पाठवता येईल का?

म्हणून आधी हे करा:

१. नव्या अ‍ॅपवर दुकानाच्या नावानं खातं उघडून ठेवा, म्हणजे दुसरा कुणी ते नाव घेणार नाही. दहा मिनिटांचं, फुकटचं काम. तिथंच थांबा.

२. गिऱ्हाइकाला विचारून, त्याची परवानगी घेऊन नाव, नंबर आणि काय घेतलं एवढं लिहून ठेवा. न विचारता शंभर जणांना ग्रुपमध्ये कोंबणं म्हणजे जाहिरात नव्हे, त्रास आहे.

३. त्यांनाही तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्याच्याकडं तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचते. पुष्कळ जण 'मेसेज जात नाही' म्हणून बोंबलतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

४. ती यादी दोन ठिकाणी ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या पेठांत दुकानं पाण्याखाली गेली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. वही भिजते, फोन बिघडतो. एक प्रत कागदावर, एक घराबाहेर मेलवर.

५. गूगल मॅपवर दुकानाची जागा, वेळ आणि नंबर बरोबर करा. आणि फोन आला की उचला.

नव्या अ‍ॅपवर कधी जायचं? तुमच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांपैकी दहा जणांनी 'तुम्ही तिथं आहात का?' असं आपणहून विचारलं की त्या दिवशी जा. मग ते अ‍ॅप चेन्नईचं असो नाहीतर अमेरिकेचं. तोवर नाही.

स्वदेशीचा खरंच कळवळा असेल तर गावातल्या बचत गटाची चटणी रोख पैसे देऊन घ्या, उधारी ठेवू नका. त्या ताईंना आणखी एका अ‍ॅपचा पासवर्ड लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा त्यांना याचा जास्त उपयोग आहे.

पटलं तर आपल्या पेठेतल्या एका तरी दुकानदाराला वाचून दाखवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण अरट्टाईवरून आलेली गिऱ्हाइकं मोजून आणा आणि मग भांडा.