लघु, गुरू आणि चार बटणं

सौ.ला कंपवात होऊन आता चौथं वर्ष. गोळ्यांनी चालणं बरंच सुधारलं, बोटांची थरथर मात्र राहिली. टीव्ही लावायला जायची आणि एका दाबण्याच्या जागी तीन व्हायचे. चालू-बंदचं बटण एकच, त्यामुळे टीव्ही लागायचा, बंद व्हायचा, परत लागायचा. नाहीतर शेजारचं भलतंच बटण दाबलं जाऊन पडदा निळा. शेवटी "मला नाहीतरी कंटाळाच येतो त्या मालिकांचा" म्हणून तिने रिमोटला हात लावणं सोडलं. ते काही खरं नव्हतं.

दिवाळीत नातू आला तेव्हा त्याच्यापुढे हे गाऱ्हाणं मांडलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने आर्डुइनो नावाचं पत्त्याएवढं सर्किट काढलं, त्याला तीन पायांचा एक रिसीव्हर जोडला आणि म्हणाला, "आजोबा, आधी रिमोट काय बोलतो ते ऐकू या."

रिमोटच्या टोकाला जो छोटा दिवा असतो त्याचा उजेड अवरक्त, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. (मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बहुधा जांभळट दिसतो, बघा करून.) अवरक्त किरण उन्हातही असतात, जुन्या पिवळ्या बल्बमध्येही. त्या गर्दीत आपला निरोप ओळखू यावा म्हणून हा दिवा सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. टीव्ही तेवढ्याच लुकलुकीकडे कान देतो.

पुढचं ऐकून मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. आमचा रिमोट एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीने बोलतो. त्यात प्रत्येक ठोका सारखाच, फरक फक्त त्यानंतरच्या विरामाचा. 'शून्य' १.१२५ मिलिसेकंदांचं, 'एक' २.२५चं, म्हणजे बरोबर दुप्पट. अहो, हे लघु आणि गुरू! निरोपात अशी ३२ अक्षरं. पडताळणीसाठी प्रत्येक आकडा एकदा सरळ आणि एकदा उलटा पाठवतात, म्हणून कोणतंही बटण दाबा, लघु १६ आणि गुरू १६. मात्रा ४८, एक कमी नाही की जास्त नाही. जन्मभर मुलांना वृत्तं शिकवली, पण इतकं काटेकोर लिहिणारा कवी भेटला नाही.

असो. नातवाने ते कोड टिपून घेतले, ट्रान्झिस्टर लावून दिवा जोडला आणि जुन्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर चार मोठी बटणं बसवली. चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली आणि तिचं चॅनेल. बाजारात काहीशे रुपयांत तयार रिमोट मिळतो हे मलाही ठाऊक आहे. पण त्याला थरथर कळत नाही. या डब्याला सांगून ठेवलंय, चालू-बंद एकदा दाबलं की पुढचे दोन सेकंद त्या बटणाचं काही ऐकायचं नाही. दोनच ओळींचं काम, पण कंपनीच्या रिमोटमध्ये त्या ओळी मी कशा घालणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की कंपन्यांनी माहितीपुस्तिकेत रिमोटचे कोड छापावेत. एक पान पुरेल. आणि कॉलेजांनी मुलांकडून त्याच त्या काळ्या रेषेवरून धावणाऱ्या गाड्या करून घेण्यापेक्षा त्यांना घरी पाठवावं, आजीचे हात अर्धा तास बघ म्हणावं. कित्येक मुलं प्रोजेक्ट विकत आणतात असं ऐकतो. आजीचे हात काही दुकानात मिळत नाहीत.

डब्यात एक खोट आहे. हे बोलणं एकतर्फी, टीव्ही उलट उत्तर देत नाही. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दोघांनाही आमचं एकच बटण, त्यामुळे मध्ये कोणी आडवं आलं तर एक चालू होतो, दुसरा बंद. मग मला उठावं लागतं.

सौ. आता पाचवं बटण मागते आहे, जाहिराती लागल्या की आवाज बंद करायला. नातवाला कळवलंय.