साधा मंगळवार



गेल्या रविवारी धो धो पाऊस. धर्मशिक्षणाला तीनच मुले आली. वर्ग सोडून द्यावा, असे मनात आले. (माझी तयारीही अर्धवटच होती!) मग फादर थॉमस स्टीफन्स आठवले. 1579 साली ते गोव्यात आले, लोकांची भाषा शिकले. ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले 1616 मध्ये. जवळपास 11,000 ओव्या काही एका रात्रीच्या स्फूर्तीने होत नाहीत. मधली बरीचशी वर्षे साष्टीतल्या रोजच्या सेवेत गेली.

आपण फेस्ताला, रिट्रीटला गर्दी करतो; मंगळवारच्या मिस्सेला बाके रिकामी. मला तर आपल्या श्रद्धेची खरी हजेरी तिथेच लागते असे वाटते.

तिघांना पूर्ण तास शिकवले. निघताना एकीने विचारले, “सर, पुढच्या रविवारी आहे ना वर्ग?”