भाजी बाल्कनीतली, प्रश्न शहराचा
(विशेष प्रतिनिधी)

जुलै २०२३ मध्ये मुंबई-पुण्याच्या किरकोळ बाजारात टोमॅटोने किलोला दीडशे रुपयांची मजल मारली, तेव्हा अनेक घरांत एकच विचार बोलून दाखवला गेला : दोन कुंड्या आपल्याच बाल्कनीत लावल्या असत्या तर? मे २०२० मध्ये करोनामुळे वाशीची घाऊक बाजारपेठ काही दिवस बंद ठेवावी लागली, तेव्हाही हीच हळहळ ऐकू आली होती. भाव चढले की रोपवाटिकांत गर्दी होते आणि ते उतरले की कुंड्यांत नुसती वाळलेली माती उरते. बाल्कनीतील भाजी शहरी कुटुंबाला नेमके काय देऊ शकते आणि तिच्या आड काय येते, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो मांडला की विषय पाहता पाहता स्वयंपाकघरातून महापालिकेच्या नियमावलीपर्यंत जाऊन पोहोचतो.

महागाईवरचा उतारा नव्हे

प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ३०० ग्रॅम भाजी खावी, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. या मापाने चौघांच्या कुटुंबाला महिन्याला ३६ किलो, म्हणजे तीन महिन्यांच्या हंगामात १०८ किलो भाजी लागते. नीट निगा राखली, तर कुंडीतील टोमॅटोचे एक झाड हंगामात दोन-तीन किलो फळ देते. चाळीस चौरस फुटांच्या बाल्कनीत येण्याजाण्याची वाट सोडून अशी सहा झाडे बसली, तरी पंधरा किलोंच्या आसपास टोमॅटो हाती येतील. गरजेचा हा सातवा हिस्साही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीपलीकडे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की टोमॅटोची फुले गळतात आणि फळधारणा मंदावते. पाठोपाठ येणारा पाऊस रोगांना आमंत्रण देतो. नारायणगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात याच काळात आवक घटते आणि भाव कडाडतात. बाल्कनीतले झाडही त्याच हवेत वाढत असते. त्यामुळे बाजारात टोमॅटो महाग होतो, नेमका तेव्हाच तो घरच्या कुंडीतही नसतो. हिवाळ्यात कुंडी लगडते, तेव्हा बाजारातही टोमॅटो स्वस्त झालेला असतो. २०२३ मध्येच सप्टेंबरपर्यंत भाव असे कोसळले, की उत्पादकांना वाहतुकीचा खर्च सुटणेही अवघड झाले. शेतकऱ्याच्या या हेलकाव्यांपासून बाल्कनी ग्राहकाला वाचवू शकत नाही.

मेथी, कोथिंबीर, माठ, पालक, पुदिना यांची गोष्ट निराळी. सहा इंच मातीत त्या येतात, मेथी तर पंचवीस-तीस दिवसांत खुडायला मिळते. शिवाय याच भाज्या बाजारात सर्वांत लवकर कोमेजतात. जुडीभर आणून निम्मी टाकून देण्यापेक्षा लागेल तेवढी खुडणे, यातच बाल्कनीची खरी बचत आहे.

ऊन कोणाचे?

फळभाज्यांना दिवसाला सुमारे सहा तास थेट ऊन लागते, तर पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवून नेतात. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. एरवी तो दक्षिणेकडे कललेला असतो आणि डिसेंबरात सर्वाधिक कलतो. म्हणून दक्षिणेकडील बाल्कनीत भाजीच्या ऐन हंगामात ऊन आतपर्यंत येते, तर उत्तरेकडच्या बाल्कनीला हिवाळ्यात त्याचे दर्शनही होत नाही. पूर्वेचे सकाळचे ऊन बहुतेक भाज्यांना मानवते, पश्चिमेचे मात्र एप्रिल-मेमध्ये रोपे करपवते. उन्हाची वानवा असेल तिथे अळू किंवा पुदिना लावणे शहाणपणाचे.

हा झाला निसर्गाचा हिशेब. शहराचा हिशेब याहून कठोर आहे. शेजारच्या चार मजली इमारतीच्या जागी पुनर्विकासातून टॉवर उभा राहिला, की दिशेचे सारे गणित कोलमडते. वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने मान्य केला आहे खरा; परंतु तो बजावण्यासाठी न्यायालयात मोठे नुकसान सिद्ध करावे लागते. मिरचीच्या चार रोपांसाठी कोणी ती पायरी चढणार नाही, हे उघड आहे.

भार आणि भांडणे

दुसरा अडसर वजनाचा आहे. निवासी इमारतीच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे तीनशे किलोंचा भार गृहीत धरला जातो. एक फूट खोल ओल्या मातीचा सलग वाफा केला, तर त्याचे वजन चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जाते. जुन्या इमारतींच्या पुढे काढलेल्या बाल्कनींत सळया गंजलेल्या असतील, तर हा फरक जिवावर बेतू शकतो. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अहवाल पाहिल्याशिवाय तिथे मोठे वाफे करू नयेत. नारळाच्या काथ्याचा भुसा, पालापाचोळा आणि कंपोस्ट यांच्या मिश्रणाने भार बराच हलका होतो. कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात. कठड्यावर तर कधीच ठेवू नयेत.

खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणारे मातकट पाणी हा सोसायट्यांतील भांडणांचा नेहमीचा विषय. त्यावर कुंडीखाली बशी ठेवली, तर तिच्यातील साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा बशी कोरडी करणे हाच त्यावरचा उपाय.

खरा फायदा कचऱ्यात

मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे सर्वांत सबळ उत्तर कचऱ्याच्या डब्यात आहे. चौघांच्या घरात रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. मुंबईचा कचरा १९२७ पासून रिचवत आलेल्या देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली आणि उपनगरे कित्येक दिवस धुरात कोंडली गेली. पुण्याचा कचरा अंगावर घेणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांना वारंवार गाड्या अडवाव्या लागल्या. भाजीचे देठ आणि फळांच्या साली घरीच कुजवणारे कुटुंब या ओझ्यातील आपला वाटा उचलत असते आणि तयार होणारे खत जिरवायला कुंडीइतकी सोयीची जागा नाही.

हे नुसते स्वप्नरंजन नाही. मुंबई पोर्ट ट्रस्ट या तेव्हाच्या संस्थेत प्रीती पाटील यांनी २००० च्या दशकाच्या आरंभी उपाहारगृहातील ओला कचरा वापरून गच्चीवर भाज्या आणि फळझाडे वाढवली. त्याआधी श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून घरच्या कचऱ्यावर आणि अंगणातल्या उन्हावर विपुल पीक घेण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवला होता. महापालिकेनेही २ ऑक्टोबर २०१७ पासून वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावण्यास सांगितले. खत तयार करण्याचा आग्रह असा धरला गेला. ते वापरायला उघडी, उन्हाची जागा किती उरली आहे, हा प्रश्न मागे राहिला.

बाल्कनी गेली कुठे?

१९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेपर्यंतच्या बाल्कनी एफएसआयच्या हिशेबाबाहेर होत्या आणि परवानगी घेऊन त्या बंदिस्तही करता येत असत. खिडकीबाहेरचे 'फ्लॉवर बेड'ही असेच हिशेबाबाहेर राहिले. नाव फुलांच्या वाफ्याचे. प्रत्यक्षात पुढे अनेक ठिकाणी ते खोलीतच सामावून घेतले गेले आणि त्यांची किंमत ग्राहकाकडूनच वसूल झाली. जानेवारी २०१२ मध्ये, सुबोध कुमार आयुक्त असताना, नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवर बेड आदी सारे एफएसआयमध्ये मोजले जाऊ लागले आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्के 'फंजिबल' एफएसआय देण्यात आला. गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी ते आवश्यकच होते. परंतु बाल्कनी आणि खोली एकाच मापात मोजली जाऊ लागल्यावर उघडी जागा बांधण्यात बिल्डरला गोडी उरली नाही. आधीच्या नियमात बाल्कनी भिंतीआड गेली. नंतरच्या नियमात ती नकाशावरूनच आक्रसली.

यात रहिवाशांचा वाटाही कमी नाही. जादा खोलीच्या मोहाने काचा लावून बाल्कनी बंद करणारे आपणच आहोत. म्हणूनच पुनर्विकासाच्या करारावर सही करताना चटईक्षेत्राबरोबरच उघडी बाल्कनी आणि गच्चीच्या वापराचा हक्कही मागायला हवा. जिथे बाल्कनी उरलेली नाही, तिथे अभियंत्याच्या सल्ल्याने सोसायटीच्या गच्चीवर सामाईक वाफे करता येतील. वैयक्तिक कुंड्यांपेक्षा त्यांची देखभालही सोपी जाईल. महापालिकांनीही मोजमापाच्या धाकाने उघडी बाल्कनी नाहीशी होणार नाही आणि तरीही ती गुपचूप खोली बनणार नाही, असा मार्ग काढायला हवा.

कुंडीतील मेथीने भाजीचे भाव उतरणार नाहीत. पण ती लावायला चार तासांचे ऊन आणि हातभर उघडी जागा लागते. ती आपल्या नव्या घराच्या नकाशात आहे की नाही, हे घर ठरवण्याआधीच पाहिलेले बरे.