म्हातारीचा भोपळा गेला कुठे?

मंडळी, गोष्टीतली म्हातारी ज्यात बसून लेकीकडून परतली, तसला भोपळा नाशिकच्या बाजारात शोधून दाखवा. आताच्या दोन किलोच्या डांगरात तिची काठीसुद्धा मावायची नाही. "कुटुंबं लहान झाली, मोठं डांगर घेणार कोण?" असं आमची भाचेमंडळी म्हणतात. अरे, अख्खं कोण घेत होतं? फोडच आणायचो ना!

खरं दुखणं बियाण्याचं आहे. संकरित डांगराचं बी धरलं तर पुढचं फळ तसंच येत नाही. म्हणजे दर वर्षी नवं पाकीट. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, वाटायचा हक्क दिलाय. पण राखायला जुना वाण तर हवा! (डांगर मुळात अमेरिकेतलं, हे मास्तराला सांगू नका. इथल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या निवडून बी धरलं, म्हणून ते आपलं.)

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असं गावठी बियाणं राखलं. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण टाळ्या वाजवल्या आणि पाकीट आणायला गेलो.

बरणीत बी जपल्याचं कौतुकही पुरे. बरणीतलं बी काही वर्षांत मरतं, ते पेरावंच लागतं. शेजारी दुसरा वाण असेल तर मधमाश्या भेसळ करतात. म्हणून नर-मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधायच्या, सकाळी हाताने पराग लावून मादीफूल पुन्हा बांधायचं. दहा मिनिटांचं काम.

वेलाला जागा नाही म्हणणाऱ्यांच्या बंगल्यापुढची हिरवळ मी पाहिली आहे.