हातचा राहिला!



परवा मी फळ्यावर बेरीज करत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हातचा राहिला!" क्षणभर मला रागच आला. मग आठवलं, लहानपणी मीही अशाच चुका शोधत बसायचे, व्हिडिओ गेममध्ये!

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढला. त्यातल्या १-२ या लेव्हलच्या शेवटी नेमक्या जागी पाठमोरी उडी साधली, की मारिओ चक्क भिंतीतून आरपार जातो! पलीकडच्या पाइपात शिरलात, की पडद्यावर 'वर्ल्ड -१' उमटतं. ही पाण्याखालची लेव्हल कधी संपतच नाही.

असं का होतं? पडदा पुढे सरकला, की पाइपांचे पत्ते बदलतात. मारिओ त्याआधीच पोचतो, म्हणून भलतीकडे जातो. म्हणजे जादू नाही, चूकच!

काही करामती तर याहून अवघड. मूळ यंत्रावर सेकंदाला साधारण ६० चित्रे दिसतात. त्यातल्या नेमक्या एका चित्राच्या वेळी बटण दाबायचं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! पन्नासदा हुकतं, तेव्हा कुठे एकदा जमतं.

पालकहो, मूल असं काही शोधत असेल, तर 'वेळ फुकट' म्हणण्याआधी शेजारी बसा. 'असं का झालं?' एवढंच विचारा. अभ्यास आटोपल्यावर हं!

आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं काय झालं? मी त्याच्या हातात खडू दिला. हातचा त्यानेच मिळवला.

तुमच्या बाई